रग्बी लीगच्या मॅचला गावातली माणसं कशी आणायची? सगळा हिशेब तिसऱ्या मॅचचा आहे

इंग्लंडमध्ये लीड्सला स्पोर्ट्स मॅनेजमेंट शिकणाऱ्या आपल्या एका नागपूरच्या मुलीनं मला विचारलंय, की काका, वेस्ट यॉर्कशायरमधल्या एका रग्बी लीग क्लबात मला तिकीट आणि कम्युनिटीच्या कामावर घेतलंय, स्टेडियम भलंमोठं आहे पण निम्म्याहून जास्त खुर्च्या रिकाम्या असतात, वरचे लोक म्हणतात फुकट पास वाटा आणि फेसबुकवर जाहिराती टाका, तर असं करून लोक येतात का, आणि येत नसतील तर मग काय करू? मी इथे इंग्लंडमध्ये याच कामात चौदा वर्षं आहे, तिकीट खिडकीपासून सुरुवात केली, त्यामुळे थोडक्यात उत्तर देणं मला जमणार नाही, सविस्तरच लिहितो.

पहिली गोष्ट, फुकट पास वाटून स्टेडियम भरतं, पण एका मॅचपुरतं. माणूस पहिल्यांदा कशानेही येतो, पाससाठी येतो, पोराच्या हट्टाने येतो, ऑफिसातल्या कोणाबरोबर येतो. दुसऱ्यांदा आला तर त्याला बरं वाटलं एवढंच समजायचं. तिसऱ्यांदा स्वतःच्या खिशातले पैसे काढून, स्वतःहून, पाऊस असताना आला की तो आपला झाला. माझं चौदा वर्षांचं काम म्हणजे पहिल्या मॅचपासून तिसऱ्या मॅचपर्यंत माणूस मध्ये कुठे गळतो ते शोधणं, दुसरं काही नाही.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. आपण टीव्हीवर बघतो ती बहुतेक वेळा रग्बी युनियन असते, पंधरा जणांची. लीगमध्ये तेरा जण, ८० मिनिटं, आणि सहा वेळा पकडलं गेलं (या पकडण्याला टॅकल म्हणतात) की बॉल समोरच्या टीमकडे. कबड्डी कळणाऱ्या माणसाला हे दहा मिनिटांत कळतं, मी कितीतरी जणांना स्टँडमध्ये बसून समजावलंय. १८९५ ला हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलमध्ये उत्तरेकडच्या क्लबांनी वेगळं व्हायचं ठरवलं, कारण गिरणीतले आणि खाणीतले कामगार शनिवारी मॅच खेळले तर त्यांची मजुरी बुडायची आणि त्यांना ती भरपाई द्यायला लंडनची मंडळी तयार नव्हती. म्हणजे हा खेळ जन्मापासूनच गिरणीच्या आजूबाजूच्या वस्तीचा, आपल्या गिरणगावात कबड्डी जशी चाळीचाळीत होती तसा. हे लक्षात ठेव, पुढे उपयोगी पडेल.

मी मूळचा कोल्हापूरचा. शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम आणि शिवाजी तरुण मंडळाची फुटबॉलची मॅच असली की आमच्या घरात दुपारचं जेवण लवकर व्हायचं, आणि मला पहिल्यांदा तिथं नेलं ते माझ्या मोठ्या मामानं, तिकीट कुठलं, किती रुपयांचं, मला काही आठवत नाही पण मामाचा हात आणि शेजारी बसलेल्या माणसानं दिलेल्या शेंगा आठवतात. इथे हल शहरात पहिल्यांदा डर्बी, म्हणजे एकाच गावातल्या दोन टीमची मॅच, बघितली तेव्हा मला काही नवीन वाटलंच नाही. हल नदीच्या पूर्वेला राहणारा हल केआरचा, पश्चिमेला राहणारा हल एफसीचा, आणि ते ठरतं जन्माला आल्या दिवशी. म्हणजे पेठच की. कोल्हापुरात पेठेला कोणी जाहिरात करत नाही. पेठेतला कोणीतरी थोरला माणूस पोराला घेऊन जातो. गर्दी अशी माणसामाणसातून तयार होते, आणि ही साखळी जिथे तुटली तिथे नुसत्या जाहिरातीने जुळत नाही.

आता फुकट पासचं बघ. आमच्या क्लबाने एका वर्षी शाळांमधून पोरांच्या दप्तरात पास घातले, मोठ्या संख्येने. निम्मीसुद्धा आली नाहीत, कारण फुकटच्या कागदाची कोणाला किंमत नसते, पाऊस आला की घरी बसायचं. जी आली त्यांना आम्ही कुठे बसवलं, तर समोरच्या मोठ्या रिकाम्या स्टँडच्या कोपऱ्यात, कारण चांगल्या जागा पैसेवाल्यांच्या. मार्चमधली शुक्रवारची रात्र, वारा अंगावर, आजूबाजूला वीस-वीस खुर्च्या रिकाम्या, आवाज सगळा पलीकडच्या बाजूला. एक साताठ वर्षांचा मुलगा, अंगात शाळेचाच स्वेटर, कठड्याकडे जाऊन उभा राहिला, त्याला खेळाडू जवळून बघायचे होते, तर स्टुअर्डने, म्हणजे स्टँडवर लक्ष ठेवणाऱ्या माणसानं, त्याला सांगितलं की तुझं तिकीट या ब्लॉकचं नाही, मागे जा. त्याचे वडील काही बोलले नाहीत, हाफटाइमला पोराचा हात धरून निघून गेले. मी गेटवर उभा होतो, ते माझ्या समोरूनच गेले आणि मला त्यांचं नावसुद्धा माहीत नव्हतं, फोन नंबर नव्हता, त्यांना परत बोलवायचं तर कुठे बोलवणार? ती बाप-लेकाची जोडी आम्ही त्या रात्री गमावली, आणि अशा किती गमावल्या ते मोजायलाही आमच्याकडे काही नव्हतं.

आणि सोमवारी खिडकीवर एक आजी आल्या, वीसेक वर्षं सीझन तिकीट, म्हणजे अख्ख्या वर्षाचं तिकीट, घेणाऱ्या. म्हणाल्या, मी पेन्शनमधून पैसे साठवून तिकीट घेते आणि माझ्या शेजारच्यांना फुकट? माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढच्या वर्षी त्यांनी तिकीट घेतलं खरं पण खिडकीवर थांबून दोन शब्द बोलायच्या ते बंद झालं. तर फुकट पास वाटताना जुन्या माणसाला काय वाटेल हा हिशेब आधी कर. पैसे भरणाऱ्यालाच जास्त द्यायचं, म्हणजे सीझन तिकीटवाल्याला सांग की वर्षात तीन वेळा तू सोबत एक नवीन माणूस आण, त्याचं तिकीट आमच्याकडून. यात दोन गोष्टी होतात. जुन्याचा मान राहतो, आणि नवीन माणूस एकटा कोपऱ्यात न बसता माहीतगार माणसाशेजारी बसतो जो त्याला सांगतो की आता पाचवा टॅकल झाला, आता किक मारणार बघ. मामाचं काम तो माणूस करतो. आम्ही जे जे करून बघितलं त्यात सगळ्यात जास्त टिकलेली माणसं याच वाटेनं आली.

बाकी तिकिटाला थोडी का होईना किंमत ठेव, मोठ्याला कमी दर आणि त्याच्याबरोबर लहान मूल फुकट, हे चालतं. प्रत्येक माणसाचं नाव आणि नंबर हवा, नुसता तिकीट काढणाऱ्याचा नाही, कारण एकजण पाच तिकिटं काढतो आणि उरलेले चार तुझ्यासाठी अनोळखीच राहतात. पहिल्या मॅचला आलेल्याला त्याच रात्री, हातात, पुढच्या दोन-तीन आठवड्यांतल्या एका ठरलेल्या मॅचचं कूपन द्यायचं. कधीही या म्हटलं की कोणी येत नाही. बुधवारी त्याला फोन करायचा, ईमेल नाही, फोन. काम कष्टाचं आहे, पण दोनशे फोन म्हणजे दोन माणसांच्या दोन संध्याकाळी, एवढंच.

शाळांबद्दल. ब्रॅडफर्डचं उदाहरण या धंद्यातल्या प्रत्येकाला पाठ असतं. १९९६ ला सुपर लीग, म्हणजे रग्बी लीगची सगळ्यात वरची डिव्हिजन, सुरू झाली, खेळ हिवाळ्यातून उन्हाळ्यात आला, त्याच वेळी ब्रॅडफर्ड नॉर्दर्नचं ब्रॅडफर्ड बुल्स झालं, आणि पीटर डीकिन नावाच्या माणसानं तिथे शाळा, वस्त्या, खेळाडूंच्या भेटी, मॅचआधी गाणी-बिणी असं सगळं उभं केलं. दोन सीझनमध्ये सरासरी गर्दी जवळजवळ तिप्पट झाली, पंधरा हजारांच्या घरात गेली. लोक याच्यातून म्युझिक आणि मॅस्कॉट एवढंच उचलतात. पण खरं काम शाळांमधलं होतं, खेळाडू वर्गात जाऊन बसायचे. आणि याची दुसरी बाजूही तुला माहीत हवी, पुढे तोच क्लब पैशाच्या अडचणीत आला आणि जानेवारी २०१७ मध्ये लिक्विडेशनमध्ये गेला, म्हणजे दिवाळं निघून ती कंपनी बंद झाली. त्यानंतर दुसऱ्या मालकाखाली नवीन बुल्स उभे राहिले, खालच्या डिव्हिजनमध्ये, उणे १२ गुणांनी सुरुवात करून, तरी त्यांच्यामागे माणसं आलीच, आणि माझ्या मते ती बरीचशी १९९६-९७ ची पोरंच होती, आता स्वतःची पोरं घेऊन आलेली.

शाळेत एकदा जाऊन फोटो काढून यायचं याला मी काम म्हणत नाही. सहा आठवडे, दर आठवड्याला तोच खेळाडू, त्याच वर्गात. तिसऱ्या आठवड्यापर्यंत पोरांना त्याचं नाव, त्याचा दुखावलेला गुडघा, त्याच्या कुत्र्याचं नाव सगळं पाठ होतं. सातव्या आठवड्यात हाफटाइमला त्याच पोरांची छोटी टॅग रग्बी (पकडायच्या ऐवजी कमरेची पट्टी ओढायची) मैदानावर खेळवायची, म्हणजे आई-वडील, आजी-आजोबा येणारच. पण इथेच सगळे क्लब चुकतात, पोरं खेळून झाली की त्यांना पांगू देतात. त्यांना मैदानावरून सरळ घरच्यांसकट एका ब्लॉकमध्ये बसव, जिथे ढोल आणि आरडाओरडा आहे तिथे, आणि मॅच संपल्यावर तो त्यांचा खेळाडू कठड्यापाशी आला पाहिजे, चिखलाने माखलेला, डोक्याला पट्टी बांधलेला असला तरी. रग्बी लीगची सगळ्यात मोठी ताकद हीच आहे, इथला खेळाडू हाताला लागतो. प्रीमियर लीग फुटबॉलमधला खेळाडू काचेच्या बसमधून जातो, आपला अर्धा-पाऊण तास कुंपणाशी उभा राहून सह्या करतो आणि पोराला नावाने हाक मारतो. ती हाक ऐकलेलं पोर तिसऱ्या मॅचला बापाला ओढून आणतं, हे मी डोळ्यांनी बघितलंय, एकदा नाही, शेकडो वेळा.

आता जरा अवघड विषय, आणि मला सगळ्यात जवळचा. ब्रॅडफर्ड, ड्यूझबरी, बॅटली, हडर्सफील्ड, ओल्डहॅम, रॉचडेल ही सगळी रग्बी लीगची जुनी गावं, आणि याच गावांमध्ये आपल्याकडून आलेली माणसं पिढ्यान्‌पिढ्या राहतात, पाकिस्तानी, गुजराती, पंजाबी, कापडाच्या गिरण्यांत कामाला आलेली. ज्या गिरणीतून हा खेळ आला त्याच गिरणीत यांचे आजोबा रात्रपाळी करायचे. बॅटलीचं माउंट प्लेझंट मैदान बघ, टेकडीवरचं, एका बाजूला उतरतं, १८९७ ला पहिला चॅलेंज कप, म्हणजे रग्बी लीगचा नॉकआउट कप, जिंकलेला क्लब, आणि चालत जाता येईल एवढ्या अंतरावर गुजराती कुटुंबांच्या गल्ल्या. पण सगळीकडे स्टँडमध्ये नजर फिरवली तर आपल्या रंगाची माणसं हाताच्या बोटावर. लोक म्हणतात त्यांना क्रिकेटच आवडतं. मला हे पटत नाही. १९९२ ला सचिन यॉर्कशायरचा पहिला परदेशी खेळाडू म्हणून हेडिंग्लीला खेळला, इंडियाची टेस्ट असली की तिथे आपली गर्दी मावत नाही, आणि त्याच हेडिंग्लीत क्रिकेटच्या मैदानाला पाठ लावून लीड्स ऱ्हायनोजचं रग्बी लीगचं मैदान आहे, मधलं स्टँड दोन्हीकडे बघणारं. क्रिकेटला येणाऱ्या किती जणांना पलीकडे कोणीतरी या म्हणून बोलावलंय? पाकिस्तानी वंशाचा इक्रम बट १९९५ ला इंग्लंडकडून रग्बी लीग खेळला, म्हणजे दार उघडून तीस वर्षं झाली, पण दारात उभं राहून आत बोलवायचं काम क्लबांनी केलं पाहिजे ना.

आमच्याकडे हे कसं बदललं ते सांगतो. एक माणूस दोन पोरांना घेऊन खाण्याच्या खिडकीवर आला, हलाल काय आहे विचारलं. खिडकीवरच्या मुलीनं सांगितलं, चिप्स. मांस भरलेली पाय (pie) होती, बर्गर होते, त्याच्या पोरांनी त्या थंडीत चिप्स खाल्ले. मी दुसऱ्या दिवशी हे मीटिंगमध्ये सांगितलं तेव्हा एक जण म्हणाला की मागणी नाही म्हणून ठेवत नाही. अरे, ठेवत नाही म्हणून मागणी नाही! शेवटी गावातल्याच एका कबाबवाल्याला गाडी लावू दिली, आणि पुढच्या मॅचला त्याच्या ओळखीची माणसं त्याला बघायला आली, ती मॅचही बघून गेली. मग रमजान. सीझन फेब्रुवारीत सुरू होतो आणि सध्या रमजान फेब्रुवारी-मार्चमध्येच येतोय, म्हणजे सुरुवातीच्या घरच्या मॅच बरोबर त्यातच सापडतात. मॅचची वेळ आपल्या हातात नसते, पण खजूर आणि पाणी गेटवर ठेवणं, नमाजाला एक स्वच्छ खोली उघडून देणं, आणि मशिदीच्या कमिटीला आधी जाऊन भेटणं हे आपल्या हातात असतं. फॅमिली स्टँडमध्ये बिअर नाही हे ठळक लिहून टाक, आपल्या बायका-पोरींना घेऊन यायचं तर हा प्रश्न घरात पहिला निघतो. यातलं काहीच खर्चिक नाही. वेळ मात्र लागतो, आम्हाला पहिली दोन वर्षं काहीच फरक दिसला नाही आणि तेव्हाच सोडून दिलं असतं तर सगळं वाया गेलं असतं.

मोठ्या इव्हेंटच्या नादाला फार लागू नको. मॅजिक वीकेंड म्हणजे सगळ्या टीमची एका शहरात दोन दिवसांची जत्रा, २००७ ला कार्डिफला सुरू झाली, न्यूकॅसलला तर २०१६ मध्ये दोन दिवसांत मिळून ६८,२७६ लोक आले. पण ते आले कुठून, हल, विगन, लीड्समधून, बसगाड्या भरून. त्याच न्यूकॅसलचा स्थानिक क्लब थंडर प्रेक्षकांसाठी झगडतच राहिला आणि २०२३ नंतर त्याला दुसऱ्या डिव्हिजनमधून खाली उतरावं लागलं. जत्रेला आलेला माणूस रोज देवळात येत नाही.

मैदान बदलण्याबद्दलही ऐकशील. लंडनचं बघ, १४ सप्टेंबर १९८० ला फुलहॅमने क्रेव्हन कॉटेजवर पहिली मॅच खेळली, विगनला हरवलं, ९,५५४ माणसं होती. त्यानंतर तोच क्लब नावं बदलत क्रिस्टल पॅलेस, बार्नेट, चार्ल्टन, ब्रेंटफर्ड, ट्विकनहॅमचं स्टूप, ईलिंग, विम्बल्डन असा फिरत राहिला. लंडनमध्ये एवढं लांब कोण कोणाच्या मागे जाणार? ज्या वस्तीत तू आज मुळं धरतोस ती वस्ती तीन वर्षांनी तुझी राहतच नाही. उलट ली बघ, छोटं खाणींचं गाव, विगन आणि वॉरिंग्टनच्या मध्ये दबलेलं. २०२२ च्या शेवटी तिथल्या क्लबाने आपलं नाव सेंच्युरियन्सचं लेपर्ड्स केलं, सगळीकडे बिबट्याचे ठिपके, मॅचआधी लाइव्ह गाणी, पुष्कळांनी नावं ठेवली. २०२३ ला वेम्बलीवर गोल्डन पॉइंटमध्ये, म्हणजे जादा वेळेत जो पहिला गुण करेल तो जिंकला या नियमाने, हल केआरला १७-१६ हरवून चॅलेंज कप आणला, १९७१ नंतर पहिल्यांदा. ठिपक्यांनी लोकांचं लक्ष वेधलं हे खरं, पण गावातली म्हातारी माणसंसुद्धा ते ठिपके मिरवायला लागली कारण टीम त्यांच्या गल्लीतलीच होती आणि जिंकत होती. तुझी टीम जिंकेल की नाही हे तुझ्या हातात नाही, त्यामुळे त्यावर प्लॅन बांधू नकोस.

तुझं स्टेडियम मोठं आहे त्याचं काय? फुटबॉल क्लबाबरोबर वाटून घेतलेली पंचवीस हजारांची स्टेडियमं या खेळाला मोठीच पडतात, हडर्सफील्डला हेच दिसतं, पाच हजार माणसं आली तरी टीव्हीवर ओसाड वाटतं आणि ओसाड दिसलं की नवीन माणूस येत नाही. वरचे मजले बंद कर, सगळ्यांना दोन स्टँडमध्ये दाटीने बसव. जुने लोक आपली जागा सोडायला कुरकुर करतील, त्यांच्याशी एकेकट्याशी बोल, पत्र पाठवून ही कामं होत नाहीत.

टीव्हीमुळे गुरुवारी रात्री मॅच लागते, दुसऱ्या दिवशी शाळा, त्यावर उपाय नाही. गुरुवारची मॅच कॉलेजच्या पोरांवर आणि ऑफिसवाल्यांवर चालव, कुटुंबांवरचा जोर रविवारच्या दुपारच्या मॅचवर लाव. ऑस्ट्रेलियाची उदाहरणं देणारे भेटतील, ब्रिस्बेनला चाळीस हजार येतात वगैरे, पण तिथे अख्ख्या शहराला कितीतरी वर्षं एकच टीम होती, इथे एम ६२ हायवेवर दर वीस मिनिटांना एक क्लब आहे. तसंच १९५४ ला ब्रॅडफर्डच्या ऑड्सल मैदानावर कप फायनलच्या रिप्लेला १,०२,५६९ माणसं होती हे कोणीतरी ऐकवेलच, ऐकून घे आणि कामाला लाग.

आकडे वाचताना एक काळजी घे. सरासरी फसवी असते. विगन, लीड्स, हल एफसी आले की त्यांची हजारो माणसं सोबत येतात, फ्रान्समधल्या पर्पिन्यांहून कॅटलान्स आले की मूठभर. एक डर्बी अख्ख्या वर्षाची सरासरी वर ओढते आणि वरचे लोक खूश होतात. तू फक्त घरची माणसं वेगळी मोज, तीही विकलेल्या तिकिटांची नाही, गेटवर स्कॅन झालेली, आणि सीझन तिकीट असून न आलेल्यांची यादी दर मॅचनंतर काढ. सलग दोन मॅच न आलेल्या माणसाला फोन कर, काही विकायला नाही, बरे आहात ना एवढं विचारायला. अर्ध्या वेळा कोणीतरी आजारी असतं, किंवा ज्याच्या गाडीतून यायचे तो वारलेला असतो. त्यांच्या गल्लीतून येणारा दुसरा कोणी शोधून गाठ घालून दे.

आणि वेळेचं सांगायचं राहिलं. पहिली मॅच फेब्रुवारीत, म्हणजे जानेवारीत शाळांना फोन केलास तर उशीर झालेला असेल, त्यांची टर्म आधीच भरलेली असते. ऑक्टोबरच्या सुट्टीआधी जा, मैदानापासून चालत येता येईल अशा चार-पाच शाळाच निवड, जास्त नको, आणि जाताना खेळाडूला आत्ताच सांगून ठेव की सहाच्या सहा आठवडे यायचंय.